एकोणसत्तर

ओकलंड,
२६ ऑगस्ट १९८५

चि. रॉइस यास आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. चार ओळींसाठी टेक्सासहून इथवर तिकीट वाया घालवतोस, म्हणजे तू अगदी बापावर गेलास. ओथाला लहानपणापासून शब्द खर्च करताना जिवावर येतं. पण त्या चार ओळींत एक ओळ अशी होती की मी ती वाचली आणि बस डेपोतून काढायला उशीर केला.

नवा कायदा आम्हीही इकडे वर्तमानपत्रात वाचला. कुठल्याही एका विषयात सत्तरच्या खाली गेलं की सहा आठवडे खेळायचं नाही. पोरांनी अभ्यास करावा म्हणून कायदा केला, आणि तुझे कोच प्रुइट सांगतात की फिजिक्स सोड, सोपं विज्ञान घे, म्हणजे नापास व्हायची भीती नाही. पाय मुरगळेल म्हणून माणसाने चालायचंच सोडायचं, तशातली गत. फिजिक्स सोडायचं नाही. तुझी आई असती तर हेच सांगितलं असतं, आणि माझ्यापेक्षा गोड शब्दांत.

हॅडनॉट बाईंना घाबरू नकोस. टेकडीवरच्या आपल्या जुन्या शाळेत लॅव्होनिया आणि मी एका बाकावर बसायचो. गोऱ्यांच्या शाळेत आपली शाळा मिसळली तेव्हा आपले सगळे मास्तर घरी बसवले, एकट्या तिला ठेवलं, कारण फिजिक्स शिकवणारं दुसरं कोणी मिळेना. करडी आहे, पण तिने कधी कोणाचा अर्धा गुणही कापला नाही आणि फुकट दिलाही नाही.

सोबत पुस्तक पाठवलं आहे, जुन्या बाजारातलं. आधीच्या मालकाने पानापानावर डेलोरिस नावाच्या मुलीचं नाव लिहिलं आहे. ते खोडत बसू नकोस, गणितं सोडव. पुस्तक उचलून कोणाचा खांदा निखळत नाही, एवढं तुझ्या डॅडींना माझ्या वतीने कळव.

आत्याचा जीव तुझ्यात अडकला आहे हे ध्यानात ठेवून पत्र जरा लांब लिहीत जा.

तुझी,
अर्नेस्टीन आत्या

*

हार्लन फेरी, टेक्सास,
१५ सप्टेंबर १९८५

ती. अर्नेस्टीन आत्यास रॉइसचा सा. न. वि. वि.

पुस्तक मिळालं. डेलोरिस मालकाला शेवटपर्यंत भेटली नसावी, कारण शेवटच्या धड्यात तो तिचं नाव फार रागाने लिहितो. मधल्या त्याच्या दोन चुका मी दुरुस्त केल्या.

फिजिक्स सोडलं नाही. कोच दोन आठवडे माझ्याशी सरळ बोलले नाहीत. त्या वर्गात काळा मुलगा मी एकटाच. पहिल्या दिवशी शेजारच्याने विचारलं की वर्ग चुकलास का. हॅडनॉट बाईंनी ऐकलं. त्यांनी मला फळ्याशी बोलावून पुलाच्या तुळईचं गणित घातलं. ते सुटलं, तेव्हा त्या शाबास म्हणाल्या नाहीत. त्यांनी दुसरं घातलं. आत्या, मला पूल बांधायचे आहेत. हे अजून डॅडींना सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं मी कॉलेजात फक्त फुटबॉल खेळायला जाणार आहे.

इकडे शुक्रवार म्हणजे सण. मेन रोडवरच्या ज्या हॉटेलात डॅडींना मागच्या दाराने जेवण घ्यावं लागायचं, तिथल्या भिंतीवर आता माझा फोटो आहे. डॅडी दर शनिवारी तिथे कॉफी घेतात. त्यांना कॉफी आवडत नाही.

परवाच्या सामन्यात एक गंमत झाली. समोरचा पळत आला, मी त्याला आडवा गेलो आणि हेल्मेटवर हेल्मेट असं आदळलं की डोक्यात चर्चची घंटा वाजत राहिली. कोचनी नाकाखाली शुद्धीवर आणायची अमोनियाची कांडी धरली आणि बोटं किती म्हणून विचारलं. मला काही धड दिसत नव्हतं, पण कोच नेहमी दोनच दाखवतात. मी दोन म्हटलं आणि पुन्हा आत गेलो. तेव्हापासून वाचायला बसलं की ओळी मुंग्यांसारख्या चालायला लागतात. बाकी मजेत आहे. डॅडींना कळवू नकोस, ते उगाच काळजी करतील.

इकडे बीन्सबरोबर रोज मक्याचा पाव चालला आहे. तुझ्या हातचा आठवतो.

लोभ तर तू करतेसच, त्यात घट होऊ देऊ नकोस.

तुझा,
रॉइस

*

हार्लन फेरी,
१२ ऑक्टोबर १९८५

ती. अर्नेस्टीनताईस ओथाचा नमस्कार. वि. वि.

मी पत्र लिहितो म्हणजे काहीतरी बिनसलं असणार हे तू ओळखलंच असशील. पहिल्या सहा आठवड्यांचे गुण लागले. पोराला इंग्रजीत अठ्ठ्याऐंशी, इतिहासात एक्याऐंशी, गणितात पंच्याण्णव. फिजिक्समध्ये एकोणसत्तर. एका गुणाने माझा पोरगा सहा आठवडे बाहेर बसला. काल त्याच्याशिवाय खेळले आणि सपाटून हरले. मी गेलोच नाही. लाकडाच्या गिरणीतून घरी आलो आणि दिवा न लावता बसून राहिलो.

तू म्हणशील फुटबॉलचं वेड माझं आहे. आहे. मी खेळायचो तेव्हा गोऱ्या शाळेने टाकलेले, घामाने कुजलेले खांद्याचे पॅड बांधून आम्ही खेळायचो. बघायला कुठल्याच कॉलेजातलं कुत्रंही यायचं नाही. मग गिरणीत लागलो आणि दोन बोटं करवतीला दिली. नोव्हेंबरात दोन कॉलेजांची माणसं माझ्या पोराला बघायला येणार आहेत. त्याला कॉलेजात घालायला माझ्याकडे दुसरं काय आहे? त्याची हुशारी तू बघतेस, मलाही दिसते. पण हुशारी बघायला आपल्या गावात कोण येतं ते सांग.

कोच लॅव्होनियाकडे जाऊन आले, प्रिन्सिपल जाऊन आले. काही नाही. मग आपल्या चर्चचे तीन डीकन आणि मी रविवारचे कपडे घालून तिच्या ओसरीवर गेलो. ताई, तिने आम्हांला रताळ्याची गोड पाई खायला दिली आणि एक गुण दिला नाही. म्हणाली की, ओथा, तूही माझ्या वर्गात होतास, तुला कधी फुकट काही मिळालं होतं का. चर्चमध्ये तिच्या बाकावर आता कोणी बसत नाही. तिच्या टपालपेटीवर कोणीतरी डुकराचं मुंडकं ठेवलं, ते आपल्यापैकीच कोणी असेल याची मला लाज वाटते. तरी ती ढळत नाही.

पोराला विचारलं तर म्हणतो, असू दे डॅडी. मला वाटतं आतून मोडला आहे.

पंचवीस तारखेला होमकमिंगचा सामना आहे, बाहेरगावची सगळी माणसं त्यासाठी गावी येतील. लॅव्होनिया कोणाचं ऐकेल तर तुझं. तिला दोन ओळी लिही. आयुष्यात तुझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही.

धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
ओथा

*

ओकलंड,
१७ ऑक्टोबर १९८५

प्रिय लॅव्होनिया हीस अर्नेस्टीनचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

वर्षानुवर्षं ख्रिसमसच्या कार्डापलीकडे तुला काही लिहिलं नाही आणि आज लिहिते ते मागायलाच. माझ्या तोंडाला काळं फास हवं तर, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

तुझ्या ओसरीवर कोणकोण येऊन गेलं ते ओथाने कळवलं. त्यांच्यासारखं मी म्हणणार नाही की गावाची इभ्रत आहे. गावाची इभ्रत गेली खड्ड्यात. त्या पोराला फिजिक्स सोडू नकोस म्हणून मीच बजावलं. कोचचं ऐकून सोपा विषय घेतला असता तर आज तो मैदानावर असता. माझा हट्ट आणि शिक्षा त्याला, हे मला गिळवत नाही. उद्या आपल्यातला दुसरा कोणी पोरगा तुझ्या वर्गाच्या दारापर्यंत येईल, तेव्हा त्याचा बाप म्हणेल की ओथाच्या पोराचं काय झालं ते बघ. आणि तो दारातून परत जाईल.

फुकट देऊ नकोस. त्याला पुन्हा बसव, तोंडी विचार, हवं तितकं अवघड विचार. ज्याला येतं त्याला एक गुण द्यायला तुझा हात अडू नये. आपण एका बाकावर बसायचो, तेव्हा माझी पाटी फुटली होती आणि वर्षभर तू तुझी अर्धी मला दिलीस. तुझ्याकडे मागायची मला तेव्हापासूनच सवय आहे.

जुनी मैत्री जागी असेल तर हे ऐक.

तुझी,
अर्नेस्टीन

*

हार्लन फेरी,
१९ ऑक्टोबर १९८५

ती. आत्यास रॉइसचा सा. न. वि. वि.

हे पत्र टाकायला धीर होईल की नाही माहीत नाही, म्हणून आधी लिहून तर ठेवतो.

आत्या, ते एकोणसत्तर मी पाडून घेतले. मला सगळं येत होतं. पेपर हातात आला तेव्हा मी कोपऱ्यात बेरीज केली आणि सोडवायचं किती, सोडायचं किती ते ठरवलं. अवघड प्रश्न सगळे सोडवले. सोपे कोरे ठेवले.

कारण डोकं. ती घंटा त्या एका दिवसाची नव्हती. त्यानंतर आणखी दोन सामन्यांत तसं झालं. एकदा मी घरी कसा आलो ते मला आठवत नाही. सकाळी उजेडाकडे बघवत नाही, डेलोरिसचं नाव वाचतानासुद्धा अक्षरं सरकतात. तू मागच्या पत्रात मिठाच्या पाण्याने डोळे धुवायला सांगितलंस, ते केलं. उपयोग नाही. कोचना सांगावं, तर गेल्या वर्षी डोकं दुखतं म्हणणाऱ्या एका मुलाला सगळ्यांनी बाहुली म्हणून हाक मारायला सुरुवात केली आणि त्याची जागा गेली. डॅडींना सांगावं, तर कसं सांगू? सबंध आठवड्यात डॅडी एकदाच ताठ चालतात, शुक्रवारी.

मग मला सुचलं की कायदाच सहा आठवडे सुट्टी देतो. त्यात घाबरटपणा नाही, फक्त मठ्ठपणा. मठ्ठ म्हटलेलं आम्हांला परवडतं, त्याची सवय आहे. सहा आठवड्यांत डोकं बरं होईल, आणि नोव्हेंबरात ती माणसं येतील तेव्हा मी पुन्हा मैदानात असेन. गणितात किंवा इंग्रजीत पडलो असतो तर डॅडींना संशय आला असता. फिजिक्स अवघड हे सगळ्यांना माहीत आहे.

चूक एकच झाली. चाळीस पाडायला हवे होते. चाळीस पडले असते तर एका गुणासाठी कोणी बाईंच्या दारात गेलं नसतं. पण हॅडनॉट बाईंच्या हातात चाळीसचा पेपर द्यायला माझा हात धजला नाही. आता सगळे त्यांना छळतात आणि त्या माझ्यामुळे सोसतात. मी चर्चमध्ये त्यांच्याकडे बघू शकत नाही.

गेला आठवडा खेळलो नाही, तर ओळी बऱ्याच जागच्या जागी राहतात. काल एक सबंध धडा वाचला. इतकं बरं वाटलं की मी उठून अंगणात गेलो.

तू बाईंना लिही. त्या तुझं ऐकतात. त्यांना लिही की अजिबात ढळू नका, काय वाटेल ते झालं तरी तो गुण देऊ नका. आणि डॅडींना कसं सांगायचं तेही तूच ठरव.

माझ्यावर रागावलीस तरी थोडक्यात रागव.

तुझा,
रॉइस

ता. क. पत्र दोन दिवस खिशातच होतं. आज सोमवार, टाकतो आहे.

*

हार्लन फेरी,
२३ ऑक्टोबर १९८५

प्रिय अर्नेस्टीन हीस लॅव्होनियाचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी आलं. तू म्हणालीस तसंच केलं. मंगळवारी शाळा सुटल्यावर रॉइसला वर्गात थांबवून घेतलं. त्याचा पेपर मला पहिल्यापासून खटकत होता. अवघड सगळं बरोबर आणि सोपं कोरं, असा पेपर माझ्या हयातीत कोणी लिहिलेला नाही. मला वाटलं वेळ पुरला नसेल. तोंडी विचारलं, तर खाली बघत सगळी उत्तरं दिली. त्याला खोटं उत्तर देता येत नाही, मी बघत होते, प्रयत्न करूनही येत नाही.

मी सत्तर मांडले, तसं तो म्हणाला की बाई, राहू द्या, मला नकोत. मला भरून आलं. वाटलं, मानी पोरगा आहे, दयेचा गुण नको म्हणतो. मी त्याला म्हटलं की ही दया नाही, हे तुझंच आहे. तरी तो उठेना. काहीतरी बोलायचं होतं त्याला. तेवढ्यात कोच आले, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि घेऊन गेले.

गाव आज मला पुन्हा नमस्कार करायला लागलं आहे. त्याचं मला काही सुख नाही. कोचला मी हो म्हटलं नाही, प्रिन्सिपलला नाही, देवाच्या डीकनांनाही नाही. फक्त तुला म्हटलं. ठीक केलं ना मी?

तुझ्या उत्तराची वाट बघते.

तुझी,
लॅव्होनिया

*

ओकलंड,
२४ नोव्हेंबर १९८५

चि. ओथा यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. वि. वि.

दोन आठवडे तुझ्याबरोबर हॉस्पिटलच्या त्या बाकावर बसले, तुला कॉफी आणून दिली, तुझ्या शर्टाचं बटण लावून दिलं, आणि जे सांगायचं ते तोंडाने सांगता आलं नाही. म्हणून इथे परत येऊन लिहिते. सोबत रॉइसचं पत्र आहे. आधी बसून घे, मग वाच.

ते मला शुक्रवारी मिळालं, सामन्याच्याच दिवशी. दुपारी बस लावून घरी आले तेव्हा दारात पडलं होतं. मी कोट न काढता वाचलं आणि तुला फोन लावला. तुमच्याकडे संध्याकाळ झाली होती. तू निघून गेला होतास. शाळेत लावला, कोणी उचलला नाही. चर्चमध्ये, शेरीफकडे, त्या फोटोवाल्या हॉटेलातही लावला. सगळं गाव मैदानावर होतं, ओथा. सबंध हार्लन फेरीत फोन उचलायला एक माणूस घरी नव्हतं. मी पुन्हा पुन्हा तुझाच नंबर फिरवत राहिले. तुझ्या घरात वाजत असलेली ती घंटा मला अजून ऐकू येते.

डॉक्टरांनी तुला सांगितलं की त्या सामन्यात डोक्याला बसलेला धक्का एवढा मोठा नव्हता, आधीचा भरला नव्हता म्हणून मेंदूत रक्त सुटलं. तू तेव्हा म्हणालास की आधीचा कुठला. मी कॉफी आणायला उठले. आधीचा मला माहीत होता. सप्टेंबरातच त्याने मला मुंग्यांचं लिहिलं होतं, आणि मी त्याला मिठाचं पाणी सांगितलं, बस चालवणारी डॉक्टरीण. आणि तो गुणही मीच मागितला. तू सांगितलंस म्हणून नव्हे. माझं म्हणणं खरं ठरावं म्हणून.

लॅव्होनियाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तिने विचारलं आहे की ठीक केलं ना मी. काय लिहू?

तुला राग येईल तो येऊ दे. पण पोराला एकटं ठेवू नकोस.

तुझी,
अर्नेस्टीन

*

हार्लन फेरी,
१४ डिसेंबर १९८५

ती. ताईस ओथाचा नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. वाचलं. पुष्कळ वेळा वाचलं.

रॉइसला घरी आणलं आहे. उजवा हात उचलत नाही. बोलतो, पण शब्द शोधत बसतो. वाचता येत नाही. डॉक्टर म्हणतात की येईल तेवढं येईल. सामना किंवा त्याच्या आधीचं वर्ष त्याला काही आठवत नाही. कॉलेजांच्या माणसांपैकी एकाने कार्ड पाठवलं. कोच एकदा येऊन रडून गेले. हॉटेलातला फोटो अजून भिंतीवर आहे. मी तो उतरवा म्हटलं तर मालक म्हणाला की लोकांना आवडतो.

त्याचं पत्र मी लॅव्होनियाकडे नेलं. तुला विचारलं नाही. ती ओसरीवर उभी राहून वाचत गेली आणि मग तिथेच पायरीवर बसली. मी तिच्या शेजारी बसलो. ख्रिसमसनंतर ती शाळेत जाणार नाही असं कळतं. फिजिक्स बंद करणार आहेत. रोज दुपारी ती आमच्याकडे येते आणि रॉइसला पहिलीच्या पुस्तकातली अक्षरं दाखवते. तो तिला बाई म्हणतो, पण ती कोण ते त्याला ठाऊक नाही.

पत्रातली एक ओळ मला सोडत नाही. आठवड्यातून एकदा ताठ चालतात ती. ताई, मला वाटायचं तो मला बघत नाही, मी त्याला बघतो.

तुझ्यावर राग नाही. राग धरायला अंगात काही उरलेलं नाही.

आहे तो लोभ राहू दे.

तुझा,
ओथा

*

हार्लन फेरी,
६ एप्रिल १९८६

ती. आत्यास,

मी रॉइस. डाव्या हाताने लिहितो. बाई शब्द सांगतात, मी लिहितो. पण आता मी त्यांना म्हटलं की बाहेर जा, मला एकट्याने लिहायचं आहे.

मी बरा आहे. मक्याचा पाव खातो. माझ्याकडे एक पुस्तक आहे. त्यात डेलोरिस आहे. तेवढं मला वाचता येतं. ती कोण?

बाकीचं पुस्तक डॅडी रोज वाचून दाखवतात. त्यांना कळत नाही. मला पण नाही. पुलाचं चित्र आहे ते पान मला आवडतं.

मला काही विचारायचं आहे. रस्त्यावर लोक म्हणतात की मी फुटबॉल फार छान खेळायचो. बाई म्हणतात की मी फार हुशार होतो. मी डॅडींना विचारलं की मला दोन्हीतलं काय आवडायचं. ते उठून बाहेर गेले. बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या की तू आत्याला पत्रं लिहायचास, तिला माहीत असेल.

तर तू सांग.

बाई म्हणतात पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायचं असतं. असावा.

रॉइस